लाल वायरीचं घर

बाबांच्या मल्टीमीटरला तीन भोकं होती. काळी वायर कायम एकाच भोकात असे. लाल वायर व्होल्ट मोजायला एका भोकात आणि करंट मोजायला दुसऱ्या भोकात घालावी लागे. करंट मोजून झाला की बाबा ती लगेच व्होल्टच्या भोकात परत लावत. ‘घरी आणून ठेवायची’ असं म्हणत. ती करंटच्या भोकात विसरून तशीच बॅटरीला टेकवली, तर मीटरचा फ्यूज जातो; मग व्होल्ट दिसतात, पण करंट शून्यच दिसतो.

मीटरसोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. मी सातवीत असताना त्यांनी ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मीटरची पाठ उघडण्याआधी वायरी काढा. पडद्यावर बॅटरीची खूण दिसली की आकड्यांवर विसंबू नका. त्यांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. माझी इंग्रजी शाळा वाया गेली नाही, हे बहुतेक आईला ऐकवायचं होतं.

आचऱ्याला आमच्या पडवीत मच्छीमारांचे वायरलेस सेट दुरुस्तीला येत. मीटरचे फ्यूज मी कणकवलीहून, कॉलेजातून येताना आणत असे. वर्षाला एखादा लागे. मी बारावीत असताना, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या पंधरवड्यात तीन गेले. दर वेळी करंट शून्य दिसला की बाबा म्हणत, ‘मीटरची बॅटरी उतरली असेल.’ मी ती चौकोनी बॅटरी काढून जिभेला लावून बघे. चांगली झणझणे. मग मी गुपचूप फ्यूज बदले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी एक होडीवाला सेट घेऊन आला. बाबांनी आधी सेट चालवायच्या बॅटरीला वायर टेकवली. चट् असा बारीक आवाज झाला. लाल वायर चुकीच्या भोकात होती. ती त्यांनी बदलली, साडेबारा व्होल्ट बघितले, आणि मग सेटचा करंट मोजला. शून्य.

“सेट गेलो. करंटच घेणा नाय.”

“मिस्त्रीनू, परवा होडी लोटूची आसा.”

“मग दुसरो बघ.”

“खंयचो दुसरो? जातंय तसोच. माजो आजो काय वायरलेस घेवन जाय होतो?” तो हसला आणि सेट गोणपाटात गुंडाळून निघाला.

मी तिथेच पाटावर बसले होते. चट् आवाज मी ऐकला होता. परक्या माणसासमोर बाबांना चूक सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तो फाटकाबाहेर गेल्यावर मी वायरी काढल्या, पाठीचे स्क्रू सोडवले. फ्यूजची काच आतून काळी झाली होती. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. हात लांब धरून त्यांनी तो निरखला.

“कधी गेला?”

“आत्ता. बॅटरी बघताना.”

“आणि आधीचे?”

“तसेच.”

बाबा माझ्याशी नेहमी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. त्या दिवशी म्हणाले, “आदी सांगूचा नाय गो?”

मग ते चपला न घालता रस्त्यापर्यंत गेले आणि होडीवाल्याला परत बोलावलं. “हाड रे तो सेट. सेट बरो आसा. माजा चुकला.”

मी नवा फ्यूज बसवला. त्यांनी लाल वायर माझ्यापुढे धरली. “तू लाव.” सेट चालला.

“आता चेडवाक मिस्त्री केलात काय?” होडीवाल्याने माझ्याकडे बघत विचारलं.

“होय,” बाबा म्हणाले. ते हसले नाहीत.

त्यानंतर माझी एसटी येईपर्यंत ते गिऱ्हाइकांना थांबवून ठेवत. काही दिवस लोक थांबले. मग सेट मालवणला जाऊ लागले.

पुढच्या जूनमध्ये मी शिकायला बाहेर निघाले, तेव्हा बाबा म्हणाले, “मीटर नीट ठेवून जा.” पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, बराच काळ वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. मी ती काढली. लाल वायर मात्र घरी लावून ठेवली.