चष्मेवाल्याकडे दोन अंडी

रीडिंगकाकांना घरात नुसतं बसता येत नसे. एकतीस वर्षं वीज कंपनीच्या मीटरचं रीडिंग घेत लोकांचे जिने चढलेला माणूस. त्याला सोफ्यावर बसवून हातात रिमोट दिला, तर पाचव्या मिनिटाला उठून तो दाराची कडी नीट लागते का ते बघणार. निवृत्तीनंतर बायकोने हे आठ वर्षं सोसलं. मग ती गेली, आणि "दोन महिने तरी आमच्याकडे चला" म्हणून मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं.

दोन महिन्यांचे चार झाले. "राहा" असं कुणी म्हणालं नाही आणि "निघा" असंही कुणी म्हणालं नाही. आता यात काकांची पंचाईत बघा. जुन्या घरी परत जायचं, तर तिथे दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर बायकोचा फोटो. संध्याकाळी बोलायचं तर त्या फोटोशीच. इकडे राहायचं, तर हे मुलीचं घर, म्हणजे शेवटी जावयाचं घर. जावई माणूस वाईट नव्हता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत त्याच्याकडचे शब्द संपलेले असत. वाकडं तो कधी बोलला नाही, पण सरळही फारसं बोलला नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या मनातलं ओळखायचं कसं? काका त्याला अहोजाहो करत, दुसऱ्यांदा भाजी मागत नसत आणि आंघोळ झाली की बाथरूमची फरशी स्वतः कोरडी करून बाहेर येत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण अंथरूणच दुसऱ्याचं असलं की पाय पोटाशी घेतलेले बरे, असं त्यांचं मत होतं.

खरं सांगायचं तर काकांना इथेच राहायचं होतं. पण ही काही तोंडाने मागायची गोष्ट नाही.

मग वेळ घालवायला ते सकाळी साडेसहाला बाहेर पडू लागले. कॉलनीत चार इमारती, अ ब क ड. त्यांच्या मागची बाजू आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. सांडपाण्याचे पाइप, फुटक्या कुंड्या, जास्वंदीचं रान, एक शेवगा आणि कुणी न लावता उगवलेलं बरंच काही. तिथे कुणी जात नसे. काका गेले ते मीटरची पेटी बघायला, जुनी खोड. पेटीत त्यांना मातीची एक गोळी चिकटलेली दिसली, आणि तिच्या तोंडाशी एक बारीक कंबरेची माशी चिखल थापत होती. कुंभारीण. काका अर्धा तास तिथेच उभे. दुसऱ्या दिवशी ते जाताना वही घेऊन गेले.

वही आखली ती ऑफिसच्या रजिस्टरसारखी. ठिकाण, मागचं, आजचं, शेरा. शेरा कमीत कमी शब्दांत लिहायचा, हा एकतीस वर्षांचा संस्कार. 'दार बंद', 'कुत्रा आहे', यापुढे वाङ्मय करायचं नाही. आणि नावं? आपल्याकडे पाखरांना नावं ठेवणारा जो कोण पहिला माणूस असेल, तो नक्की नाक्यावर बसून लोकांना नावं ठेवणारा असणार. कलकलाट करत टोळीने फिरतात ते सातभाई. गवतातून सतत किरकिरतो तो वटवट्या. दुसऱ्यांची अंडी पळवतो तो लांब शेपटीचा टकाचोर. आणि डोळ्यांभोवती पांढरी गोल कड असलेला, अंगठ्याएवढा, हिरवा-पिवळा तो चष्मेवाला. काकांना ही नावं लहानपणापासून तोंडपाठ होती. ती नावं ते वहीत लिहीत आणि पुढे शेरा मारत. पक्षी की माशी, हे वेगळं लिहायची त्यांना गरज वाटली नाही. वाचणार होतं कोण?

मुलीचं घर होतं त्या ड इमारतीच्या मागे, जास्वंदीच्या बेचक्यात चष्मेवाल्याने घरटं केलं तेव्हा काकांच्या दिवसाला खरा अर्थ आला. अर्ध्या वाटीएवढं घरटं, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं. शेवग्यावर टकाचोर दिसला की काका टाळ्या वाजवून त्याला हाकलत. नाश्त्याला उशीर होई, मुलगी ओरडे, आणि काका गालातल्या गालात हसत चहा पीत. बायको गेल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

आणि गुरुवारी वही हरवली. बुटाची नाडी बांधायला ती त्यांनी मीटरच्या पेटीवर ठेवली आणि तिथेच विसरले. वॉचमनला ती सापडली. त्याने चार ओळी वाचल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि वही थेट अध्यक्षबाईंच्या हातात नेऊन दिली.

अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वही रात्रीतून वाचून काढली आणि रविवारी सकाळी सगळ्या कॉलनीची सभा बोलावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. काका पुढच्या रांगेत, शेजारी मुलगी, तिच्यापलीकडे जावई. विषय काय ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी वही उंच धरली. "ही तुमची?"

"माझीच," काका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस शोधत होते.

"तुम्ही रोज सकाळी इमारतींच्या मागे फिरता?"

बोळाच्या तोंडाशी 'प्रवेश बंद' अशी पाटी होती, आणि ती त्यांनी रोज बघून न बघितल्यासारखी केली होती. "फिरतो. चुकलंच माझं. पण तिथून जरा जवळून दिसतं, म्हणून जातो."

मागच्या खुर्च्या कुरकुरल्या.

"आणि जे दिसतं ते लिहून ठेवता?"

"सगळं नाही हो. ठळक तेवढंच."

बाईंनी घसा साफ केला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचायला लागल्या. "ब इमारत, पाइपाजवळ. सातभाई. भांडण चालूच."

ब इमारतीत तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान चालवणारे भाऊ राहत. त्यातला थोरला उठला. "आम्ही भाऊ दोघं. यांनी सात कुठून मोजले? आणि भांडण पाण्याच्या मोटरवरून होतं, ते कधीच मिटलं."

"क इमारत, जिन्याजवळ. वटवट्या. सकाळी साडेसहापासून सुरू. तेच तेच. जवळ गेलो की गप्प." इथे बाईंचा आवाज चिरका झाला, कारण क इमारतीच्या जिन्याजवळ उभं राहून रोज सकाळी फोनवर बोलणारे गृहस्थ म्हणजे त्यांचेच यजमान. यजमान खाली वाकून चपलेत काही गेलंय का ते बघू लागले.

"अ इमारत, तिसऱ्या मजल्याची खिडकी. कुंभारीण. चौथी खोली काढली. कुणाला विचारलं नाही."

"माझ्याकडे चार कुंड्या आहेत म्हणून मी कुंभारीण?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. "आणि बाल्कनी बंद करून घेतली, त्याला खोली काढली म्हणत नाहीत." बाल्कनीचं तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांनी माना वर करून बघितलं.

"टकाचोर. नजर चांगली नाही."

"हे वाचायची काही गरज आहे का?" कॉलनीचे खजिनदार म्हणाले. आता हा माणूस अगदी स्वच्छ होता बरं का, कुणाच्या पाच पैशांना त्याने हात लावला नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते साध्या माणसाच्याही मनात पडतं, त्याला काय करणार.

काका वेड्यासारखे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. या लोकांना पाखरांचा एवढा राग? "अहो, ती कुणाला त्रास देत नाहीत," ते म्हणाले. "आपल्या आपल्या घरात असतात. मी नुसता लांबून बघतो." झालं. आगीत तेलच.

बाईंनी पान उलटलं. "ड इमारत. चष्मेवाला. तासन्‌तास एका जागी चिकटलेला, तोंडातून शब्द नाही. बायको आली की मगच उठतो."

सगळ्या माना जावयाकडे वळल्या. कॉलनीत चष्म्याचं दुकान एकाचंच होतं. जावई खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हे तुम्ही ह्यांच्याबद्दल लिहिलंत?"

काकांना तिचा प्रश्न धड कळलासुद्धा नाही. त्यांना दिसले फक्त ते लाल कान. आपल्यामुळे या माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लागली, एवढं मात्र लख्ख कळलं. संपलं. आता आपणच शहाण्यासारखं संध्याकाळच्या गाडीने निघावं. चार महिने पाय पोटाशी घेऊन काढले, ते सगळे एका वहीने पाण्यात घातले.

बाई थांबायला तयार नव्हत्या. "आणि हा तर कहर आहे. चष्मेवाल्याकडे काल एक अंडं होतं. आज दोन." त्यांनी वही मिटली. "म्हणजे हे गृहस्थ लोकांच्या फ्रिजमध्येसुद्धा डोकावतात."

जावयाने मान वर केली. "अंडी? आमच्या घरात अंडी येतच नाहीत. हिला वास सहन होत नाही."

"मग ही दोन कुणाची?"

"चष्मेवाल्याची," काका म्हणाले. "जास्वंदीत आहेत. हवं तर दाखवतो. फक्त आवाज करू नका, ती बसलेली असेल."

"ती कोण?"

"चष्मेवाली."

सगळी सभा उठून चवड्यांवर चालत त्या बोळात गेली, 'प्रवेश बंद'च्या पाटीखालून, अध्यक्षबाई सर्वांत पुढे. काकांनी एक फांदी दोन बोटांनी बाजूला केली. घरट्यात एक पिटुकलं पाखरू बसलं होतं आणि डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या गोलांतून चाळीस माणसांकडे बघत होतं. बघता बघता दुसरं आलं, पहिलं उठलं, दुसरं बसलं. मधल्या क्षणात दोन निळसर अंडी सगळ्यांनी पाहिली.

पहिलं हसू फुटलं ते बाईंच्या यजमानांना. "म्हणजे वटवट्या हा पक्षी आहे?" ते म्हणाले. मग ते हसू थांबेना. हार्डवेअरवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. खजिनदारांनी काकांना बाजूला घेऊन टकाचोर दिसायला कसा असतो ते नीट विचारून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण बाल्कनीचं आता साऱ्यांना कळलं होतं.

परत खुर्च्यांवर येऊन बसल्यावर बाईंना ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि ओशाळलेला माणूस नियमाचा आधार घेतो. त्यांनी फाइल उघडली. "तरी नियम तो नियमच. बाहेरचं माणूस तीन महिन्यांवर राहिलं तर फॉर्म भरावा लागतो. पाहुणे अजून किती दिवस आहेत?"

चार महिने घरात जो प्रश्न कुणी काढला नव्हता, तो बाईंनी पार्किंगमध्ये काढला. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. जावयाला उत्तर द्यायची वेळ येऊ नये म्हणून काकाच घाईघाईने म्हणाले, "निघतोच आहे मी. याच आठवड्यात."

"कुठे निघताय?" जावई म्हणाला.

काका खुर्चीच्या दांडीवरची धूळ बोटाने पुसू लागले.

"बाई, पाहुण्यांचा फॉर्म नको. राहणाऱ्यांचा द्या," जावई उठून उभा राहिला. एवढ्या लोकांपुढे बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द अडखळत होते. "मला बोलता येत नाही फारसं, ते यांनी बरोबर लिहिलंय, पाखराबद्दल का असेना. पण हे आल्यापासून मी दुकानातून लवकर घरी येतो. ही हसते आता घरात. आई गेल्यावर हसायची थांबली होती. चष्मेवाल्याच्या घराकडे बघायला माणूस लागतो हो. हे कुठेही जायचे नाहीत."

लोक हसले, पण तो हसत नव्हता. मुलीने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे टिपले.

बाईंनी फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. काकांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. "नातं? सासरे."

"वडील लिहा."

"तुमच्या नावावर घर आहे. नियमाने सासरे—"

"बाई, वडील लिहा."

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. मग फॉर्म काकांच्या पुढे सरकवला, सगळं बरोबर आहे ना ते बघून खाली सही करायला. एकतीस वर्षं काकांनी दुसऱ्यांची नावं आणि दुसऱ्यांची घरं रजिस्टरात लिहिली होती. ते फॉर्मवर वाकले आणि नात्याच्या रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ तसेच राहिले.

"वाचता येतंय ना, बाबा?" जावयाने सवयीने विचारलं.

"येतंय की," काका म्हणाले. ते साफ खोटं होतं, डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना एक अक्षरही दिसत नव्हतं.