सीलंट सुकेपर्यंत

माझे बाबा, डोमाजी, तीस वर्षं फॅक्टरीचा ट्रक चालवून रिटायर झाले आणि कांचघर वस्तीतल्या आमच्या दारात स्वतःची कार आली. तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरत नाही. मीटरवर मात्र अकराच किलोमीटर आहेत, शोरूम ते घर. आज त्यांनी गाडीला रंगाची चकाकी टिकवणाऱ्या सीलंटचा पातळ हात दिला, मऊ फडक्यानं ती पुसली आणि ते तिच्याभोवती फेऱ्या मारू लागले.

आई विजय नगरला मामाकडे जायला तयार होऊन आली.

"आज नाही. संध्याकाळपर्यंत सुकू द्यावं लागते."

"मागच्या रविवारीही नाही. मग घेतली काहून?"

"तेव्हा धुऊन राहिलो होतो ना."

आईनं ऑटो बोलावला. ती बसली तसे बाबा लगबगीनं ऑटोपाशी गेले. मला वाटलं, निघाले बरोबर. ते ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, जरा धीरे निकालना. धूल उड़ती है."