एका चुलीचं घर

आमचा अमृत घर बघायला आला की घरमालकाला घाम फुटतो. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीसाठी डोंगरावरचा बंगला ठरवायचा म्हणून तो आणि मी विट्याहून तीन रविवार पाचगणीकडे खेटे घालत होतो. तो माझा चुलतभाऊ. कोईमतूरला त्याचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणं. नुसता बंगला निवडायला तो वीस दिवस आधी गावी आला होता. यावरून त्याच्या जिवाला किती घोर लागला होता ते समजा.

घोर लागण्यासारखंच होतं. त्याचा थोरला भाऊ जयराज लखनौला याच धंद्यात आहे. सहा वर्षांपूर्वी गावच्या घराची वाटणी झाली, मधोमध भिंत आली आणि बोलणं बंद झालं. दोघं सुट्टीला आले की भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली पेटतात. त्यांची आई, आमची तानुबाई काकू, एक दिवस इकडे जेवते, एक दिवस तिकडे. यंदा तिनं दोन्ही लेकांना फोन करून सांगितलं, "एकदा समदी एका चुलीवरचं जेवा. मग माझं काय बी होऊ दे."

गावच्या घरात ते होणार नव्हतं. कुणाच्या स्वयंपाकघरात कुणी जायचं? हॉटेलात चूलच नाही. म्हणून तिसरंच घर हवं, जिथं आपलं आपण रांधून खाता येईल. जयराज हो म्हणाला खरा, पण तो कशावरून उठून जाईल याचा नेम नाही. एका लग्नात खुर्ची मागच्या रांगेत मिळाली म्हणून अक्षता पडायच्या आधी गाडीत जाऊन बसलेला माणूस तो.

त्यामुळे अमृतनं अकरा बंगले नापास केले. एकाला पायऱ्या फार, काकूचे गुडघे गेलेले. एकाच्या दारावरच 'मांसाहार चालणार नाही' अशी पाटी, आणि मटणाशिवाय आमच्याकडे एकोणीस माणसं एकत्र कशाला जमतील? एका ठिकाणी तवा एवढासा की त्यावर भाकरी वाकून बसली असती. प्रत्येक घरातून बाहेर पडताना तो विचारायचा, "दादाला हितं काय खटकंल रं?" मला भूक लागलेली असायची. मी म्हणायचो, काही खटकणार नाही. की लगेच त्याला काहीतरी खटकायचं.

बारावा बंगला मात्र जमला. गुंडा नावाच्या राखणदारानं दार उघडलं. अमृतनं नळ सोडला, शेगडी पेटवली, गादीवर आडवा झाला, तवा हातात घेऊन उलटासुलटा केला. काकूसाठी खालीच खोली होती आणि कमोडही होता. मग त्यानं गुंडाला विचारलं, वर काय आहे? वर बी असंच हाय, गुंडा म्हणाला. अमृतला तेवढं पुरलं. सोन्याच्या लगडीचा एक कोपरा काढून कस बघायचा आणि अख्ख्या लगडीचा भाव करायचा, ही त्याची तीस वर्षांची सवय. तो जिना चढला नाही. मीही चढलो नाही, मला निघायची घाई होती. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालतो.

पंधरा मेला सकाळी सगळे पोचले. अमृतचं लक्ष जयराजच्या चेहऱ्यावर होतं. जयराजनं दरी पाहिली, खोल्या पाहिल्या आणि नाक मुरडलं नाही. अमृतच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. तेवढ्यात जयराजची बायको संयोगिता वहिनी वरून डोकावली आणि पोरांना म्हणाली, आपलं सामान वर आणा, इथं स्वयंपाकघर आहे.

गुंडा खोटं बोलला नव्हता. वर सगळं खालच्यासारखंच होतं. शेगडी, ओटा, भांडी, तवासुद्धा.

अमृतच्या तोंडचं पाणी पळालं. वर जाऊन काय सांगणार? चूल पेटवू नका म्हणावं, तर भांडणाला तेवढं निमित्त पुरे. न म्हणावं, तर आलो कशाला? त्यानं मला वर पाठवायचा प्रयत्न केला. मी गेलो नाही, भ्यालो. खाली त्याची बायको सोनिया कांदा चिरत होती, वर खोबरं भाजल्याचा वास सुटला होता. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि काढून घ्यायचा. असं करता करता एक वाजला.

काकू खालच्या खोलीत चटईवर बसली होती. सोनियानं तिच्यापुढे ताट आणून ठेवलं आणि वाढायला परत गेली. मागोमाग वरून नातीच्या हातून दुसरं ताट आलं. काकू दोन्हींकडे बघत बसली. अमृत दारात उभा होता, त्याचे डोळे भरले होते. आई जेवली का ते बघायला जयराज खाली आला आणि तोही तिथंच थबकला.

"बसा दोघं," काकू म्हणाली.

बसले. तिनं वरून आलेलं ताट अमृतपुढे सरकवलं आणि सोनियाचं जयराजपुढे.

"खावा. मला भूक न्हाई."

दोघं मान खाली घालून जेवले. एकमेकांशी बोलले नाहीत, पण ताटात काही ठेवलंही नाही. जयराज हात धुवून वर गेला. मोकळं झालेलं एक ताट सोनियानं उचललं, दुसरं नात वर घेऊन गेली. सासूबाई आज सगळं जेवल्या म्हणून खाली सोनियाला बरं वाटलं, आणि वर संयोगिता वहिनीलाही.

काकूला कुणीच वाढलं नाही. बुकिंग तीन दिवसांचं होतं.