अदेइल्दोचं बिनठोक्याचं खोकं

अदेइल्दोला त्या दिवशी फक्त झोपायचं होतं. पेर्नांबुको राज्याच्या आतल्या मुलखात, कोरुजाच्या टेकडीवर, तो गाड्यांच्या डिकीत बसणारी स्पीकरची खोकी बनवतो. सगळा जन्म त्यातच गेला. प्लायवूडचा भुसा छातीत साठलाय, मनगटं सुजलीत, तरी पार्टीच्या आधी प्रत्येक पोरगं ह्याच्याच दारात. "अदेइल्दोचं खोकं छातीत लाथ घालतं," असं पोरं म्हणतात, आणि तेवढ्या एका वाक्यावर गडी पुढचं खोकं हातात घेतो. टेकडीवर सगळे त्याला मानानं 'सेउ' म्हणतात.

या वेळी मात्र दारात रोझिमेरे उभी होती. वस्ती समितीची बाई, कुणाच्या बापाला न भिणारी. टेकडीवर महिनाभर नळाला थेंब नव्हता. उद्या सकाळी सातला पालिकेचा माणूस चर्चसमोर येणार होता. तिथं माणसं दिसली नाहीत, तर तुम्हाला गरजच नाही म्हणून टँकर खालच्या वस्तीला वळवणार. पत्रकं वाटून झाली होती. पण टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना वाचायला शिकवलं होतं कुणी?

"सेउ अदेइल्दो, माझ्या भावाच्या गाडीवर खोकं बसवून द्या. आजच गल्लोगल्ली सांगत फिरायचंय."

"बाई, माझे हात बघ जरा."

"बघितले. माझी बादली दाखवू?"

त्यानं करवत उचलली. विचार असा केलाच नाही, हात आपले सवयीनं चालले. मोठ्ठं पोट, हवा बाहेर फेकायला पुढं रुंद तोंड, सांध्यांत भरलेली डिंक-भुशाची लांबी. दुपारी खोकं गाडीवर चढलं आणि रोझिमेरेनं माईक तोंडाला लावला.

पत्रे थडथडले. कुत्रं पळालं. दोन पोरं कंबर हलवतच बाहेर आली. "ताई, पार्टी कुठंय?" दोना नेविन्या म्हातारीनं खिडकी धाडकन लावून घेतली. "निवडणूकवाले आले गं, कड्या घाला!"

बेस उतरवून पाहिला. तरी घुमायचं काही थांबेना.

"मी काय बोलले, ते एकालाही कळलं नाही," रोझिमेरे म्हणाली.

"खोक्यात खोट नाही. तुझा आवाजच जाड."

"या आवाजाला आजवर पोलिसानंसुद्धा 'काय म्हणालात?' असं विचारलं नाही, सेउ!"

अदेइल्दो फुटपाथवर बसला. खोक्यातनं शब्द कळले पाहिजेत, असं इतक्या वर्षांत त्याला कुणी म्हणालंच नव्हतं. सगळ्यांना ठोका हवा. त्यालाही तोच हवा. घरी बायको, लिंदाल्वा, काही बोलली की हा दर वेळी "आं?" करतो, आणि ती दुसऱ्यांदा सांगायचं कधीच सोडून बसलीय.

तो उठला. खोकं खाली घेतलं. रुंद तोंडावर फळी चिकटवली, पाठ कापून पोटात आडवी भिंत घातली, पोट अर्ध्यावर आणलं. भरायला कापूस नव्हता, म्हणून घरातली स्वतःची उशी फाडली. इतकं बेढब काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. डिंक ओला होता, म्हणून तो स्वतःच गाडीवर चढला आणि फळी तळव्यानं दाबून बसला.

गाडी पुन्हा गल्लीत शिरली, रोझिमेरे माईकवर बोलली, आणि दोना नेविन्याची खिडकी उघडली.

"सातला ना? कळलं! मग तेवढंच सांग की बये, 'बंधूंनो भगिनींनो' करून कान कशाला खातेस?"

पुढच्या वळणावर त्याचंच एक जुनं गिऱ्हाईक हसलं. "सेउ, हे काय? ह्याला दमच नाही!"

अदेइल्दोनं फळीवरचा हात काढला नाही.

सकाळी चर्चसमोर उभं राहायला जागा उरली नाही. पालिकेच्या माणसानं घाम पुसत टँकर कबूल केला. एक टँकर, अख्ख्या टेकडीला, आणि तोही उपकार केल्यासारखा!

रोझिमेरे गर्दीतून त्याच्याजवळ आली. "नळ येईस्तोवर परत फिरावं लागणार, सेउ."

"माहितीय," अदेइल्दो म्हणाला. "खोकं राहू दे गाडीवरच."