मलिद्याचे ताट

त्या वर्षी आमच्या देवाचे, नरहरीचे, नाव माझ्या ओठांवर येईनासे झाले होते. राजाजीनगरच्या घरी देवापुढचा दिवा तुमचे आजोबा लावत. मी दिवसभर रुग्णालयात असे. तुमचा अनंतमामा, ज्याला तुम्ही पाहिलेच नाही, तेव्हा पाच वर्षांचा होता. मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे अंग सुजले होते आणि डॉक्टरांच्या बोलण्यातली आशा रोज थोडी कमी होत होती.

मी मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. त्याच्या खाटेशी बसून पुढच्या सत्रात शिकवायची कादंबरी वाची. त्या विलायती लेखकाला माणसाच्या मनाच्या घड्या अशा उलगडता येत, की देवावरचा विश्वास डळमळल्यावर मी जणू त्याच्याच आधाराने बसले होते.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली एक मुलगी होती. तिची आजी अलिबागकडची. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, बोलण्याला कोकणी हेल. मी त्यांना आपल्यातल्याच समजले. अनंत त्यांना गल्लीतल्या कानडी मुलांसारखे ‘अज्जी’ म्हणे.

“काय एवढं वाचतेस? आम्हालाही सांग की,” एका दुपारी त्या म्हणाल्या.

“आणि स्वल्प मोठ्याने सांग,” अनंत म्हणाला.

मी मराठीत सांगत गेले. पुढे एक पान आले: दिव्याखाली बसलेला यहुदी, तेलकट कातडी, बाकदार नाक, नाणी चाचपणारी जाड बोटे.

अज्जी हसल्या. “अगो पोरी, मग माझं नाक नीट बघ. आम्ही बेने इस्राएल. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले, पण यहुदीच की!”

अनंतने खरेच वाकून पाहिले. “अज्जीचं चपटं आहे,” त्याने निकाल दिला.

हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारले, “त्या माणसाला मूलबाळ आहे का गो?”

मी संध्याकाळपर्यंत पाने उलटत राहिले. त्याला घर नव्हते, बायको नव्हती, मूल नव्हते. कुणासाठी तो रडलाही नव्हता. चहा गार झाला म्हणून उदास होणाऱ्या बाईला ज्या लेखकाने पानेच्या पाने दिली, त्याने या माणसाला फक्त नाक आणि बोटे दिली होती. माझा तोही आधार गेला.

अज्जींची नात बरी होऊन घरी गेली, तरी त्या अनंतसाठी येत राहिल्या. अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेल्या संदेष्ट्याची गोष्ट सांगत. “त्याच्या नावाने मलिदा बोलले आहे,” असे त्यांनी मला एकदा सांगितले. तो त्यांच्याकडचा नवस.

अनंत गेला.

घरात सुतक असतानाच त्या दारात आल्या. हातात झाकलेले ताट: भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरे, वेलदोडा, कडेने केळी आणि खजूर. माझ्या मनात संताप उसळला. “नवस फळला कुठे, अज्जी? हे कशाला आणलंत?”

त्या उंबऱ्यावरच बसल्या. त्याही रडत होत्या. “मलिदा आभाराचा असतो, पोरी. तुझ्या पोटी अनंत आला होता ना? त्या येण्याचे आभार कुणी मानायचे?”

त्यांनी त्यांच्या धर्मग्रंथाच्या भाषेतली प्रार्थना पुटपुटली आणि चिमूटभर मलिदा माझ्या तळहातावर ठेवला. तो तोंडात घालताना कितीतरी दिवसांनी माझ्या ओठांतून ‘नरहरी’ निघाले. मागण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा ते निघाले. अज्जींना कुणी पाठवले, हे मी कधी शोधायला गेले नाही.

शरण जाणे म्हणजे मागितलेले मिळणे नव्हे, एवढे मला तेव्हा समजले. मिळाले होते त्यालाच हात जोडायचे.

ती कादंबरी मी पुढे बरीच वर्षे शिकवली, आणि त्या पानावर दरवेळी थांबले. आता तिकडे तुमच्या कॉलेजात तुम्हीही ती वाचता आहात. त्या पानावर आलात की पुस्तक क्षणभर मिटा. माझ्या डोळ्यांपुढे दिव्याखाली अज्जी बसलेल्या असतात. हातात नाणी नसतात. माझ्या मुलासाठी केलेल्या मलिद्याचे ताट असते.