एका विटेनं आखूड झालर

हातात काहीही आलं की ती बाई आधी त्याची कड अंगठ्याच्या नखानं मुडपायची. बसचं तिकीट, लग्नाची पत्रिका, पदराचं टोक, माझ्या दुकानात पडलेली चिंधी. तोंडानं आपल्याशी बोलत असायची आणि नख त्याचं काम करत असायचं. बाईचं माहेर निपाणीचं. लहानपणापासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली. विडीचं तोंड नखानं दाबून मिटवतात. विड्या सुटून वीस वर्षं झाली, पण नखाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी खोड बोलण्यातली. "बगितल्याबिगर कसं?" भाजीवाल्याची वांगी एकेक उलटी करून बघायची. डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा उजेडात धरायची. बेळगावजवळ हिंडलग्यात आमच्या गल्लीत सगळे तिला त्यावरनं चिडवायचे. मीही. "वैनी, ऊन पडलंय म्हणं, बगून घ्या." ती रागवायची नाही. खरंच बाहेर येऊन वर बघायची आणि म्हणायची, "पडलंय की."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. नाव विचारू नका. ते घ्यायचा हक्क मी राखलेला नाही.

माझं सांगतो. चौथीत शाळा सुटली आणि मशीन धरलं, ते आजवर सोडलं नाही. जेन्ट्स टेलर. पँट, शर्ट, नेहरू शर्ट. माणूस दारातनं आत येईस्तोवर त्याची छाती आणि उंची माझ्या डोळ्यांनी घेतलेली असते. टेप लावतो ती गिऱ्हाइकाच्या समाधानाला. याचा मला गर्व होता. गर्व नसता तर या रेडिमेडच्या दिवसांत मी दुकान कधीच मिटवलं असतं.

बाईचा नवरा तंबाखूचा ट्रक चालवायचा. घर माझ्यापासून चार दारं पलीकडं. पोरीच्या लग्नात त्यानं सफारी घातली, ती बेळगावातनं रेडिमेड आणलेली. शिंपी चार दारांवर असताना! खांदे उतरलेले, बाही बोटांवर आलेली, आणि हा त्या अवतारात फोटोला उभा. मी अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आलो. त्या दिवसापासून त्याचा उंबरा चढलो नाही. लोक म्हणायचे, "अण्णा, एका सफारीपायी?" मी म्हणायचो, "सफारीपायी न्हवं, माझ्या हातच्या कामापायी." रस्त्यात भेटला तर बोलायचो. घरात नाही. अशी बारा वर्षं काढली.

मग त्याच्यावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. सगळी गल्ली जाऊन बघून आली. मी गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाई दुकानात आली. बगलेत दोन जुन्या साड्या आणि एक विरलेली चादर.

"अण्णा, कॉटला झालर शिवून पायजे."

"काय?"

"झालर वो. कॉटच्या कडंनं भुईपतोर सोडायची. कॅम्पातल्या एका बंगल्यात बगितलीया मी."

"वैनी, मी माणसांची कापडं शिवतो. कॉटला लुगडं नेसवत न्हाय."

ती हसली. "लुगडंच हाय की ह्ये. इकत काय आणायचं न्हाय. गादीखाली चादर, आन् चादरीच्या कडंला साडीच्या चुण्या. हातानं केली असती मी, पर मशीनची टीप पडली की बरं दिसतंय. एकदा घरी येऊन माप घ्या."

"कॉटचं कसलं माप? लोखंडी कॉट सहा बाय तीन, उंची दीड फूट. साऱ्या गावात तीच हाय."

"तरीबी. बगितल्याबिगर कसं?"

"मला बगाय लागत न्हाय."

झालर कशाला हवी, हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, बंगल्यात बघितली आणि हौस सुटली. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि हिला झालरी सुचायल्यात, असं मी न्हाव्याच्या दुकानात बोललोसुद्धा.

गाठोडं तीन आठवडे खुंटीला लटकलं. काम फार होतं असं नाही. सफारीवाल्याची कॉट, थांबेल की, एवढंच. बाई रोज गिरणीला जाताना डोकवायची. "अण्णा, झाली का?" मी म्हणायचो, "हुईल." ती म्हणायची, "घाई न्हाय, पर जरा लवकर बगा."

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. लघवी तुंबलीय, अंगातलं पाणी आटलंय, असं काहीबाही लोक बोलत होते. चार दिवसांनी परत आणला. तेव्हा मला कसंतरीच वाटलं आणि त्याच दिवशी मी कापड मशीनवर घेतलं. उंची दीड फूट, चारी बाजू, सारख्या चुण्या, खाली दुमडून दोन टिपा. काम चोख. आजही कुणी त्या टिपेला नाव ठेवून दाखवावं.

दुसऱ्या दिवशी ती झालर घेऊन परत दारात.

"अण्णा, चार बोटं कमी पडलीया."

"पडणार न्हाय."

"कॉटखाली इटा हायत वो. त्यास्नी उठवताना मला वाकायला येत न्हाय, कंबर मोडती. म्हणून चारी पायांखाली एकेक वीट घाटलीया."

"त्ये मला कोण सांगणार?"

"बगायला या म्हटलं हुतं की."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यादेखत एक विड्या वळणारी बाई मला माप शिकवणार? मी म्हणालो, "माप माझं बराबर हाय. तुमच्या इटा काढून टाका."

गिऱ्हाइकं खो खो हसली. ती हसली नाही. झालरीची कड नखानं मुडपली, घडी बगलेत मारली आणि गेली. मी ते वाक्य नंतर तीन-चार ठिकाणी सांगितलं. प्रत्येक ठिकाणी हशा पिकला.

आठ दिवसांनी न्हावी दाढी करता करता म्हणाला, "अण्णा, तुमची झालर वाढली की वो. भुईला टेकलीया."

कापलेलं कापड वाढत नाही. पन्नास वर्षं कात्री धरलेल्याला असलं सांगू नये. दोन दिवस मी दम काढला. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही आणि बारा वर्षांनी तो उंबरा चढलो. आजाऱ्याला बघायला गेलो असं लोक समजले. खोटं कशाला लिहू, मी झालर बघायला गेलो.

कॉट कोपऱ्यात होती. डोक्याची बाजू भिंतीला, एक लांब बाजू भिंतीला. म्हणजे झालर हवी होती दोनच बाजूंना, आणि मी चारी बाजूंनी शिवून भिंतीला कपडे केले होते. बाईनं त्या फुकटच्या दोन बाजू ब्लेडनं उसवल्या, त्यांतनं पट्टी काढली आणि झालरीला जोडली. कुठं जोडली? खाली नाही. खाली जोड दिसला असता. वर जोडली, गादीच्या कडेखाली, जिथं कुणाची नजर जात नाही. पट्टीला चुण्या घातल्या त्या पत्र्याच्या मापानं. विडीचं पान कापायचा चौकोनी पत्रा तिनं अजून ठेवला होता. एकेक चुणी त्याच्या रुंदीची, केसभर इकडंतिकडं नाही. सगळा हातानं घातलेला धावदोरा. मी गुडघे टेकून जोड शोधला तेव्हा सापडला.

वरनं नवऱ्याचा आवाज आला, अर्ध्या तोंडातनं. "शिंपी... का रं?"

"व्हय. आलतो हिकडनं."

"सफारी... ट्रंकंत हाय. उसवतोस?"

आणि अर्धाच चेहरा हसला. डाव्या हातानं उशाचा तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला. माझ्याकडं बघत बघत प्यायला, जसं काही मला दाखवायचं होतं.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "टाका लांब पडलाय, वैनी."

"पडू दे की. कॉटला नेसवलीया, वरातीत न्हाय नाचायची."

निघालो तशी ती मागोमाग अंगणात आली. आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांनी पाणी सोडलं हुतं, अण्णा. कॉट दाराम्होरं, दार गल्लीवर. जाईल त्यो आत बगतोय, आन् कॉटखाली लघवीचं भांडं. लाज वाटायची. पाणी पिलं न्हाय म्हंजे भांडं लागायचं न्हाय, असं धरून बसलं. दवाखान्यात नर्स वरडायची, 'अज्जा, नीर कुडीरी', पाणी प्या म्हणून. ह्ये तोंड मिटून. तुमची झालर लावली तर भांड्याचं बूड तेवढं खालनं दिसायला लागलं. आदी जाता जाता बगायचे, झालर बगून लोक वाकून बगाय लागले. आता झाकलंय. आता पित्यात."

"मग आदी सांगायचं न्हाय, वैनी?"

"काय सांगू? तुमच्या दुकानात चार माणसांत उभं ऱ्हाऊन, माझ्या मालकाच्या मुताचं सांगू?"

चूक झाली, एवढं म्हणायचं होतं. तिथं जमलं नाही. घरी येऊन, आंघोळीच्या दगडावर बसून जमलं. तिथं ऐकायला कोण होतं?

नंतर गल्लीतल्या बायका तिच्याकडं झालर शिकायला यायला लागल्या. घरोघरी कॉटखाली पोती, डबे, ट्रंका. सगळ्यांना झाकायचं होतं. बाई अंगणात बसून दाखवायची. "आदी कॉट कुठं ठेवलीया ती बगा. भिंतीकडंला कापड घालू नका. बगितल्याबिगर कात्री चालवू नका." माझं दुकान चार दारांवर, सगळं ऐकू यायचं. माझ्याकडं बघून ती कधी बोलली नाही. बायका मात्र बघायच्या. मला विचारायला एकही आली नाही, आणि आली असती तर मी हाकलली असती, हेही खरं.

नवरा आणखी वर्षभर जगला. पाणी पीत जगला. मी पुन्हा गेलो नाही. एकदा गेलो म्हणून रोज जायचं, असं काही नसतं. तो गेला तेव्हा खांदा द्यायला गेलो. रिवाजाप्रमाणं त्याचं अंथरूण टाकून दिलं, त्यात झालरही गेली. महिन्याभरात लेक आईला निपाणीला घेऊन गेली. टेम्पो सुटताना बाई म्हणाली, "येतो अण्णा." मी म्हणालो, "नीट जावा." तेव्हाही जमलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. न्हाव्याच्या बायकोला त्या बाईच्या लेकीचा निपाणीहून फोन आला. आई न्हाणीत पडली, खुबा मोडला, दोन महिने अंथरुणात. अलीकडं पाणीच पीत नाही, हट्ट धरलाय, म्हातारपण, दुसरं काय. न्हावी मला हे सांगत होता आणि माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच. साऱ्या मुलखात ते का, हे मला एकट्याला ठाऊक होतं. टेप खिशात घातली आणि बस धरली.

लेकीचं घर नवं, फरशी गुळगुळीत. आईची कॉट हॉलमध्ये, दाराच्या सरळ रेषेत. उघडे चार पाय आणि मधोमध भांडं. बाई वाळून लाकूड झालेली. मी गुडघे टेकले, टेप काढली. लांबी घेतली, रुंदी घेतली, चारी पायांची उंची वेगवेगळी घेतली. भिंत कुठल्या बाजूला, तेही बघितलं.

ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "बगाय आला व्हय, अण्णा?"

"व्हय वैनी. बगाय आलो."

लेक म्हणाली, "काका, झालर कशाला? फरशी पुसायला अडचण. आणि घरातल्याच माणसांत कसली लाज?"

मी तिच्या बापाचं सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं. "असंय होय? मग लावू की," ती म्हणाली. म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणतात तसं.

यावेळी खुंटी नाही. नवं कापड आणलं, तीन बाजू, भुईला बोटभर टेकेल अशी. दोन दिवसांत झाली. स्वतः घेऊन गेलो. हॉलमध्ये जावयाकडं पाव्हणे बसलेले, टीव्ही चालू. बाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. जावई म्हणाला, "ठेवा काका तिथं, संध्याकाळी लावतो." गादी उचलायला मी एक पाऊल पुढं टाकलंही. पण पाव्हणे माझ्याकडं बघायला लागले, आणि चार परक्या माणसांत कॉटखाली वाकायची मला लाज वाटली. पुडकं ठेवलं. चहा घेतला. आलो.

पुडकं ठेवून आलो त्याच्या अकराव्या दिवशी फोन आला.

भेटायला गेलो तर हॉलमध्ये सतरंजी टाकलेली, कॉट उचललेली. लेक येईल त्याला सांगत होती, "शेवटी शेवटी पाणीच सोडलं बघा आईनं." सगळे माना हलवत होते. जायची वेळ आली की माणूस पाणी सोडतंय, असं एक म्हातारा म्हणाला. मी मान वर केली. कपाटावर माझं पुडकं होतं. सुतळीला गाठ मी मारलेलीच, कुणी सोडली नव्हती.