तानाक्काची मिश्री

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, पास्टरना नाही. प्रार्थनेत तरी सांगितली असेल, असं तुम्हाला वाटेल. पण तिथंही मी ‘माझे अपराध’ असं मोघम बोलते आणि पुढं सरकते. देवाला ठाऊकच असलेली गोष्ट त्याला सांगायला एवढं जड का जावं? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. म्हणून तुमच्यापाशी बसले.

आधी आमच्या कामाबद्दल सांगते. (बघा, लगेच फाटा फोडला! पण ते सांगितल्याशिवाय पुढचं उमजणार नाही.)

निपाणीच्या अलीकडं, हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. इथं पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू. शेतात तंबाखू, घराच्या पडवीत तंबाखू, बायकांच्या हातात विडीचं सूप. पास्टर अण्णा आणि रूथवहिनी खानापूरकडून इथं आले, तेव्हा लोकांना वाटलं, आता औषधं आणि कपडे वाटतील आणि जातील. अण्णांनी काहीच वाटलं नाही. त्यांनी शेवग्याची रोपं आणली. एकर-दीड एकरवाल्यांनी बांधावर शेवगा लावायचा, त्याचा पाला सावलीत वाळवायचा, निवडायचा, दळायचा आणि पूड बेंगळुरूच्या दुकानांना पाठवायची. गाव हसलं. “पाला काय शेळीसारखा लोकांनी खायाचा व्हय?” पण अण्णा हटले नाहीत. रविवारी गायचं आणि सोमवारी मापात खोट करायची, असला विश्वास आपल्याला नको, असं ते म्हणायचे. धंदा हीच आपली प्रार्थना. चर्चला या, असं मात्र त्यांनी कामावरच्या कुणाला कधी म्हटलं नाही. आमचं घर चर्चचं, पण निवडायला बसणाऱ्या निम्म्या बायका हरिपाठवाल्या नाहीतर बुद्धवंदनेला जाणाऱ्या होत्या.

तानाक्का त्यांतली. जन्मभर निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून आलेली. साठीची, बुटकी, तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. वखारीत पान ओळखायला शिकलेले ते हात शेवग्यावर असे चालायचे की बघत राहावं. डोळे मिटून काडी वेगळी, पिवळं पान वेगळं. नव्या बायकांना ती म्हणायची, “बोटानं बगा गं, डोळं लई फशिवत्यात.” मी सून होऊन या गावात आले तेव्हा मला चुलीपासून बोलीपर्यंत सगळं तिनंच शिकवलं. माझी आई लांब होती आणि तानाक्का चार घरं सोडून. अजूनही आहे.

तिला एकच नाद होता. मिश्री. सकाळ-संध्याकाळ डबी उघडायची, भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घ्यायची आणि दात घासत निवांत बसायची. आम्ही सगळे तंबाखू सोडून निघालेलो आणि ही दारात बसून मिश्री लावतेय! अण्णा हात जोडायचे. ती म्हणायची, “पास्टर, शेत सोडलं, वखार सोडली. एवडी डबी ऱ्हाऊ द्या.” अण्णा हसून पुढं जायचे. कामावर यायच्या आधी मात्र ती राखेनं आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. हे मी रोज बघायची. रोज — हे ध्यानात ठेवा.

आमच्या कामाचे नियम थोडेच होते. पहिला नियम भिंतीवर मीच लिहिला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून अण्णांनी ब्रश माझ्याच हातात दिला होता. ‘तंबाखू ठेवलेल्या खोलीत पाला वाळवायचा नाही.’ कारण वाळता पाला आजूबाजूचा वास ओढून घेतो. दुसरी एक रीत होती. माल भरण्याच्या आधी शनिवारी सगळ्यांनी गोल बसायचं, चहा घ्यायचा आणि आठवड्यात कुणाच्या हातून काही चुकलं असेल तर ते बोलून टाकायचं. त्यावर कुणी रागवायचं नाही. चूक कळली की ती सगळ्यांची आणि दुरुस्तीही सगळ्यांची. सोपी रीत आहे, नाही? मलाही तसंच वाटायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात झड लागली. आठ दिवस ऊन नाही. शेडमधल्या जाळ्यांवर पाला काळा पडू लागला. मला वाळवणीवर मुख्य नेमून दोन महिने झाले होते आणि मी अण्णांना मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, शनिवारी माल तयार मिळेल. आता शब्द कसा खाली पडू द्यायचा? आमच्या घरामागं सासऱ्यांची तंबाखूची खोली होती. जाड भिंती, वर माळा, कोंदट नाही, उबदार. तीन वर्षं रिकामी. मी ती झाडली, चुन्यानं रंगवली, आत जाऊन जोरात वास घेतला. काही नाही! बायका घरी गेल्यावर पाटीपाटीनं निम्मा पाला तिथं नेऊन पसरला. घरात विचारलं तर म्हटलं, शेडमध्ये जागा नाही, अण्णांना माहीत आहे. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला नियम मला आठवत नव्हता का? चांगला आठवत होता.

तीन दिवसांत पाला हिरवागार वाळला. अण्णा म्हणाले, “शालिनी, तू कमाल केलीस.” मी मान खाली घालून हसले. त्या शनिवारी गोलात बसून दोन कप चहा प्याले.

पंधरा दिवसांनी सगळा माल परत आला. अण्णा फोनवर कन्नडमध्ये नुसते “हौदु, हौदु”, होय होय, म्हणत राहिले, तेव्हाच कळलं, काहीतरी बिघडलंय. पुडीला तंबाखूचा वास येतो, अशी तक्रार होती. आम्ही पोतं फोडलं. एकेकानं मूठ भरून नाकाशी धरली. चौदा माणसं हुंगत उभी आणि कुणाला म्हणून काही वास येईना! अण्णांनाही नाही, इतकी वर्षं राहून तेही आमच्यातलेच झाले होते. रूथवहिनी महिनाभर माहेरी, खानापूरच्या रानात राहून त्याच सकाळी परतल्या होत्या. त्यांनी चिमूट नाकाजवळ नेली आणि पदर लावला. “अहो, उघड तंबाखू आहे ही.” तेव्हा मला कळलं. आमच्या नाकांना तो वास वास म्हणून कळतच नव्हता. कित्येक वर्षं हवाच तशी घेतलेली. माझी ती खोली तीन वर्षांनीही तंबाखूचीच होती आणि सांगायला माझं नाक नव्हतं.

शनिवार आला. सगळे गोल बसले. बोलायचं, आज बोलायचं, असं ठरवूनच मी गेले होते. खरंच ठरवलं होतं का? आता ठरवलं होतं म्हणायला काय जातंय.

मी घसा खाकरते आहे, तेवढ्यात तानाक्का उठून उभी राहिली. कमरेची डबी काढून तिनं मधोमध जमिनीवर ठेवली.

“माज्यामुळं झालंय बगा,” ती म्हणाली. “माजं हात. कितीबी धुतलं तरी मुरलंय त्ये. तुमा समद्यांचं कष्ट म्या मातीत घातलं.”

अण्णांनी मान हलवली, “आक्का, नक्की असं कशावरून?” ती गोल ओलांडून माझ्याकडं आली. दुसऱ्या कुणाकडं नाही, माझ्याकडं. मी वाळवणीची मुख्य आणि तिची लाडकी. दोन्ही तळवे तिनं माझ्या नाकाशी धरले.

“बग गं शालू. तू खरं सांगशील. येतोय न्हवं वास?”

मी वाकले. वास घेतला. साबणाचा होता, थोडा राखेचा, आणि पाल्याचा हिरवट. बाकी काही नाही. आणि असता तरी माझ्या नाकाला कळला असता का?

मी म्हटलं, “येतोय.”

हा माझा अपराध. पाला चुकीच्या जागी वाळवला, ती चूक होती. तसल्या चुकांसाठीच तो गोल होता. गप्प बसले असते तरी भित्री म्हणून सुटले असते. पण मी बोलले. एकच शब्द. आणि तो बोलल्यावर मला काय वाटलं, तेही सांगते: हायसं वाटलं. ज्या बाईनं मला लेकीसारखं वागवलं, तिचे हात माझ्या तोंडापुढं होते आणि मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अण्णांनी तिचाच दाखला दिला. आपल्या धर्माची नसलेली बाई कसं सरळ बोलली, आपण शिकावं. तिसऱ्या ओळीत मी हातात गीतांचं पुस्तक धरून बसले होते. सूर न चुकता गायले.

तानाक्कानं त्या दिवसापासून मिश्री सोडली. महिनाभर तिचं डोकं ठणकायचं, अन्न जाईना, दारात बसून हिरड्या चोळायची. आणि निवडायला बसणंही सोडलं. अण्णा म्हणाले, आता डबी नाही, या परत. वहिनी घरी जाऊन आल्या. ती म्हणाली, “हातात मुरलंय पास्टर. नगो.” तिनं रोपांना पाणी घालायचं काम मागून घेतलं. पुढच्या मालाला वास आला नाही. का येईल? मी ती खोली पुन्हा उघडलीच नाही, आणि चुना दिलेल्या खोलीचा संशय घरातही कुणाला आला नाही. पण त्यामुळं गावाची खात्री पटली आणि तिचीही. वखारीनं तिचे हात बाटवले होते, असं तिच्या मनानं घेतलं. ज्या हातांनी तिनं चाळीस वर्षं पोट भरलं, ते.

मी काय केलं? भाकरी नेली. लोणचं नेलं. डोकं दुखायचं तेव्हा तेल चोळलं. ती शेजारणींना सांगायची, “पोटची नसंल, पर ही शालू लई मायेची.” मी ते ऐकून घ्यायची. माया खोटी नव्हती. ती आजही खोटी नाही. पण तिच्या आड मी मजेत लपले, हेही तितकंच खरं.

आता तिला नीट दिसत नाही. रोपांचं कामही सुटलं. तरी दुपारी काठी टेकत शेडपर्यंत येते, उंबऱ्याबाहेर थांबते आणि दोन्ही हात पाठीमागं धरते. पाला बघायला, म्हणते. दिसत तर नाही. परवा आली तेव्हा आत मी एकटीच होते, उंबऱ्याशीच्या जाळीवर ताजा पाला होता. तिनं हात पाठीशी तसेच बांधून ठेवले, वाकून नाक जाळीजवळ आणलं.

“आता येत न्हाय न्हवं गं वास?” तिनं विचारलं.

“न्हाय आक्का,” मी म्हटलं.

“बरं झालं गं त्या शनवारी गोलात म्या वेळंत उठले,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी होते, पाठीशी बांधलेली ती बोटं अगदी माझ्या हाताजवळ होती. धरून पाल्यात ठेवायची, एवढंच करायचं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी जाळी सरळ केली. ती वळली, चाचपडत पायरी उतरली, हात पाठीमागं ठेवूनच.